बोलके यंत्र आणि शाळा

१८७८ सालच्या जून महिन्यात 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू' या अमेरिकेतील मासिकात थॉमस अल्वा एडिसनचा एक लेख प्रसिद्ध झाला. फोनोग्राफ हे बोलके यंत्र त्याने आदल्याच वर्षी तयार केले होते. गंमत म्हणून ते पाहायला गर्दी होत होती, पण त्याचा उपयोग काय, हा प्रश्न होताच. एडिसनने या लेखात उपयोगांची यादीच दिली. पत्रांचा मजकूर सांगणे, अंधांसाठी पुस्तके, वक्तृत्वाचे शिक्षण, संगीत, घरातल्या माणसांचे आवाज जपून ठेवणे, बोलकी खेळणी, वेळ सांगणारी घड्याळे, भाषांचे उच्चार जतन करणे, अशा अनेक गोष्टी तिच्यात होत्या. एक कलम थेट शाळेसाठी होते. शिक्षकाने समजावून सांगितलेले यंत्रात साठवावे, म्हणजे विद्यार्थ्याला हवे तेव्हा ते पुन्हा ऐकता येईल. स्पेलिंगचे आणि पाठांतराचे धडेही त्यात भरून ठेवावेत, असे त्याने सुचवले होते.

या कलमात बोलतो तो शिक्षक आणि ऐकतो तो विद्यार्थी. पण एडिसनचे यंत्र दोन कामे करीत होते. ते आवाज ऐकवत असे आणि ऐकूनही घेत असे. यातले कोणते काम शाळेने वापरावे? पुढच्या जवळजवळ दीडशे वर्षांत यंत्रे बदलली, आणि प्रत्येक यंत्राने या प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले. कधी ते उत्तर शिक्षणाच्या विचारातून आले, तर कधी केवळ मेण, लाख किंवा लोखंडाच्या भुकटीच्या गुणधर्मातून. हा इतिहास आपण शिक्षकांनी पाहण्यासारखा आहे, कारण आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात एक ध्वनिमुद्रक आहे.

काजळीवरची रेघ, कथलाचा वर्ख आणि मेण

आवाज म्हणजे हवेच्या दाबात होणारे चढउतार. ते टिपण्याचे पहिले यंत्र एडिसनच्या वीस वर्षे आधी पॅरिसमध्ये झाले. मुद्रण व्यवसायात काम करणाऱ्या एदुआर-लेओं स्कॉट द मार्तिनव्हिल याने १८५७ मध्ये 'फोनोटोग्राफ'चे पेटंट घेतले. कर्ण्याच्या टोकाला ताणून बसवलेला एक पडदा, त्याला जोडलेला राठ केस आणि समोर काजळी धरलेला कागद, एवढीच त्याची रचना. कर्ण्यात बोलले की पडदा थरथरे आणि काजळीत नागमोडी रेघ उमटे. ही रेघ पुन्हा ऐकावी असे स्कॉटच्या मनात नव्हते. त्याला आवाज डोळ्यांना दिसायला हवा होता. त्याने १८६० मध्ये काढलेली एक रेघ संगणकाच्या मदतीने २००८ मध्ये प्रथमच ऐकली गेली. त्या रेघेत एका फ्रेंच गाण्याची ओळ होती.

एडिसनने केसाच्या जागी सुई बसवली आणि काजळीच्या जागी कथलाचा वर्ख. सुईने वर्खात कमीजास्त खोल खाच पडे. तीच सुई खाचेतून पुन्हा फिरवली की पडदा तसाच थरथरे आणि आवाज ऐकू येई. मात्र वर्ख मऊ असल्याने चारदोन वेळा वाजवल्यावर खाच पुसट होऊन जाई. शिक्षकाचे बोलणे 'हवे तेव्हा' ऐकण्याची कल्पना कागदावरच राहिली.

१८८० च्या दशकात वर्खाऐवजी मेणाचे पोकळ दंडगोल आले. मेणावर आवाज अधिक स्पष्ट उमटे. शिवाय वरचा पातळ थर तासून काढला की तोच दंडगोल नव्या बोलण्याला तयार होई. पाटी पुसून पुन्हा लिहावे तसेच हे झाले. हा गुण शाळेच्या दृष्टीने फार मोलाचा होता, कारण शिकणाऱ्याला चुकावे लागते आणि चूक स्वस्त असावी लागते.

त्याचा फायदा घेतला तो टपालाने शिक्षण देणाऱ्या एका संस्थेने. पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन येथील 'इंटरनॅशनल करस्पॉन्डन्स स्कूल्स'ने विसाव्या शतकाच्या आरंभी फोनोग्राफवरून परकीय भाषा शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थ्याला धड्यांचे दंडगोल येत आणि त्यांबरोबर कोरे दंडगोलही. तो घरी धडा ऐके, कोऱ्या दंडगोलावर स्वतः बोले आणि तो टपालाने परत पाठवी. शिक्षक तो ऐकून उच्चार सुधारून देत. यंत्राची दोन्ही अंगे येथे कामाला लागली होती आणि दुसऱ्या टोकाला ऐकणारा माणूस होता.

तबकडी आली आणि शाळा श्रोता झाली

एमिल बर्लिनर याने १८८७ मध्ये ग्रामोफोनचे पेटंट घेतले. त्याची सपाट तबकडी साच्यातून छापता येई. एकदा मूळ साचा केला की हजारो प्रती निघत. तबकडी टिकाऊ होती, स्वस्त होती, ठेवायला जागा कमी लागे. हळूहळू तिने दंडगोलाला बाजारातून हटवले. मात्र घरातल्या किंवा शाळेतल्या ग्रामोफोनवर फक्त ऐकता येई. ध्वनिमुद्रण कंपनीच्या दालनात होई. यंत्राचा कान कारखान्यात राहिला आणि शाळेत त्याचे फक्त तोंड आले.

याचा लाभ झाला नाही असे मुळीच नाही. १९११ मध्ये व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीने शिक्षण विभाग काढला आणि मिलवॉकी शहरातील शाळांच्या संगीत शिक्षणाची जबाबदारी सांभाळणाऱ्या फ्रान्सिस इलियट क्लार्क यांना त्याचे प्रमुख केले. त्यांच्या प्रयत्नाने ग्रामोफोन अमेरिकेतील शाळाशाळांतून पोचला. ज्या मुलांनी वाद्यवृंद कधी पाहिलाही नव्हता त्यांनी तो वर्गात बसून ऐकला. एवढी दूरची गोष्ट वर्गात आणणे दुसऱ्या कोणत्याही साधनाला तेव्हा शक्य नव्हते.

भाषा शिकवण्यात मात्र अडचण होती. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आणि विजेवरचे ध्वनिमुद्रण येईपर्यंत सगळा आवाज कर्ण्यातून गोळा करावा लागे. या पद्धतीत साधारण २५०० हर्ट्झच्या वरची कंपने फारशी उमटत नसत. 'स', 'श', 'फ' यांसारख्या घर्षक ध्वनींची ओळख पटवणारी कंपने बरीचशी त्याच्या वर असतात. एडिसनलाही 'स'ने फार छळले होते. स्वर चांगले उमटत आणि 'स' हरवून जाई. म्हणजे उच्चार शिकवण्यासाठी आणलेल्या यंत्राला उच्चारातले नाजूक भेदच ऐकू येत नव्हते. शिकणाऱ्याला पुस्तक समोर ठेवूनच तबकडी ऐकावी लागे.

भारतात ग्रामोफोन कंपनीचे पहिले मोठे ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात झाले. त्यात गौहर जान यांची गाणी होती. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची असे. तासभर चालणारा राग तीन मिनिटांत बसवावा लागे. तरीही या तबकड्यांनी काय केले ते भीमसेन जोशी यांच्या बालपणावरून कळते. अब्दुल करीम खाँ यांची तबकडी त्यांनी लहानपणी ऐकली आणि तसे गाता यावे या ओढीने १९३३ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी गदगचे घर सोडले. उत्तरेत बरीच भ्रमंती केल्यावर अखेर ते अब्दुल करीम खाँ यांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे कुंदगोळला शिकले. तबकडीने गाणे कसे असते ते दाखवले आणि आस लावली. पण शिष्याचा सूर कोठे कमी पडला, हे तिला ऐकू येत नव्हते. त्यासाठी गुरू शोधावा लागला.

पुसता येणारी फीत

१८९८ मध्ये डेन्मार्कमधील व्हाल्डेमार पोल्सेन याने पोलादी तारेवर चुंबकीय पद्धतीने आवाज साठवून दाखवला. मायक्रोफोनमधून येणारा बदलता विद्युतप्रवाह विद्युतचुंबकात सोडायचा आणि समोरून तार सरकवायची. आवाजाच्या चढउतारानुसार तारेचा प्रत्येक भाग कमीजास्त चुंबकित होतो. तीच तार पुन्हा सरकवली की उलट क्रियेने प्रवाह निर्माण होतो आणि आवाज परत मिळतो. १९२८ मध्ये जर्मनीतील फ्रिट्झ फ्लॉइमर याने तारेऐवजी कागदी पट्टीवर लोहसंयुगाची भुकटी चिकटवली. त्यातूनच १९३५ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ए.ई.जी. कंपनीचा 'मॅग्नेटोफोन' आला. दुसऱ्या महायुद्धानंतर हे तंत्र अमेरिकेत गेले आणि दहा वर्षांत टेपरेकॉर्डर शाळा-महाविद्यालयांच्या आवाक्यात आला.

ध्वनिफितीने मेणाचा जुना गुण परत आणला. फितीवरचे चुंबकत्व पुसून तीच फीत पुन्हा वापरता येत होती. पन्नास वर्षांच्या खंडानंतर वर्गातल्या यंत्राला पुन्हा कान फुटले आणि मुलांना स्वतःचा आवाज ऐकू येऊ लागला.

पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकणारा माणूस हमखास म्हणतो, "हा माझा आवाज नाही!" याचे कारण मुलांना जरूर सांगावे. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज दोन वाटांनी आपल्या अंतर्कर्णापर्यंत पोचतो. एक वाट तोंडाबाहेरच्या हवेतून कानाच्या पडद्याकडे जाते. दुसरी कवटीच्या हाडांतून जाते आणि तिच्यातून खालच्या पट्टीची कंपने अधिक चांगली जातात. त्यामुळे स्वतःला आपला आवाज भरदार वाटतो. ध्वनिफितीवर फक्त हवेतून गेलेला आवाज असतो, म्हणून तो पातळ आणि चढा वाटतो. इतरांना तो नेहमी तसाच ऐकू येत असतो. बोटांनी दोन्ही कान बंद करून बोलले की हाडांतून येणारा आवाज वेगळा अनुभवता येतो. या प्रयोगाला साहित्य काहीच लागत नाही.

भाषा-प्रयोगशाळेची कहाणी

१९४७ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्य विद्यापीठाने मोठी भाषा-प्रयोगशाळा उभारली आणि पुढे इतरांनी ती वाट धरली. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र कप्पा, कानाला हेडफोन, समोर यंत्र. ध्वनिफितीवर एक वाक्य ऐकायचे, तसेच म्हणायचे, पुन्हा ऐकायचे. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिका हादरली. १९५८ मध्ये तेथे राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. विज्ञान, गणित आणि परकीय भाषा शिकवण्याच्या साधनांसाठी सरकारी पैशाचा ओघ सुरू झाला आणि काही वर्षांत हजारो शाळांत भाषा-प्रयोगशाळा बसल्या.

१९६३ मध्ये रेमंड कीटिंग याने न्यूयॉर्क परिसरातील शाळांत फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची तुलना प्रसिद्ध केली. बहुतेक कसोट्यांत प्रयोगशाळा न वापरणारी मुलेच सरस ठरली. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या उच्चारात तेवढा प्रयोगशाळेचा फायदा दिसला. या अभ्यासावर टीकाही झाली. यंत्राचा वापर आठवड्यातून कितीदा आणि कसा झाला याची नीट नोंद त्यात नव्हती, हा मुख्य आक्षेप होता. पण १९७० मध्ये फिलिप स्मिथ याचा पेनसिल्व्हेनियातील अनेक वर्षांचा अभ्यास पुस्तकरूपाने आला, तेव्हाही आठवड्यातून दोनदा वापरलेल्या प्रयोगशाळेचा परिणाम दिसून आला नव्हता. यंत्रे हळूहळू बंद पडली आणि कप्पे अडगळीत गेले.

असे का झाले असावे? या प्रयोगशाळांमागे शिक्षणाची एक विशिष्ट कल्पना होती. ठरावीक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून सवय लागते आणि सवय म्हणजेच भाषा, असे मानले जाई. मूल बोलत होते खरे, पण त्याचे म्हणणे कोणी ऐकत नव्हते. आपण म्हटलेले आणि फितीवरचे यांत फरक काय पडला, हे मुलाने स्वतःच ओळखावे अशी अपेक्षा होती. ज्याला तो फरक ऐकू येत नाही त्यालाच तर शिकायचे असते. स्क्रँटनच्या टपाली शाळेत दंडगोलाच्या दुसऱ्या टोकाला शिक्षक होता. येथे कप्प्यापर्यंत पोचायला शिक्षकाला वेळ मिळेना.

याची दुसरी बाजूही आहे. म्हैसूरची भारतीय भाषा संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली आणि तिची प्रादेशिक केंद्रे लवकरच सुरू झाली. पुण्याचे पश्चिम विभागीय भाषा केंद्र डेक्कन कॉलेजच्या आवारात आहे. परप्रांतातील शिक्षकांना मराठीसारखी भाषा सुमारे दहा महिन्यांत शिकवण्याचे काम अशी केंद्रे करीत आली. त्यांत ध्वनिफिती होत्याच. पण दिवसभर शिक्षकांबरोबर आणि सोबत्यांबरोबर बोलणे हा मुख्य अभ्यास आणि ध्वनिफीत त्याची पुरवणी, असे तेथील स्वरूप होते. 'ळ' आणि 'ल' यांतील फरक फितीवर शंभरदा ऐकता येतो. पण तो जिभेवर आला की नाही, हे समोरचा माणूस लगेच सांगू शकतो.

मायक्रोफोन शिक्षकाकडे वळला

१९६० च्या दशकात टेपरेकॉर्डरने आणखी एक काम केले आणि आमच्या मते शाळेच्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे आहे. काही संशोधकांनी तो चालू वर्गात ठेवला आणि नेहमीचा तास जसाच्या तसा टिपला.

मेरी बड रो या अमेरिकन विज्ञानशिक्षिका आणि संशोधिका. प्राथमिक शाळांतील विज्ञानाच्या तासांच्या तीनशेहून अधिक ध्वनिफिती त्यांनी तपासल्या. मुलांच्या हातात साहित्य आहे, प्रयोग चालले आहेत, तरी मुले एकदोन शब्दांतच उत्तरे का देतात, हे त्यांना शोधायचे होते. त्यांनी ध्वनिफितीचा आवाज आलेख काढणाऱ्या यंत्राला जोडला. कोणी बोलले की लेखणी हले, शांतता असली की सरळ रेघ उमटे. स्कॉटची काजळीवरची रेघ शंभर वर्षांनी अशी वर्गात आली. मोजायच्या होत्या त्या सरळ रेघा.

त्या मोजल्यावर दिसले की शिक्षकाने प्रश्न विचारला की सरासरी एकच सेकंद वाट पाहिली जाते. तेवढ्यात उत्तर आले नाही तर शिक्षक प्रश्न पुन्हा सांगतो, बदलतो किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतो. मुलाने उत्तर दिल्यावर तर शिक्षक एका सेकंदाच्या आतच बोलू लागतो. म्हणजे मूल पुढचे वाक्य जुळवत असतानाच त्याचे बोलणे तुटते. आणखी एक गोष्ट आढळली. शिक्षकांनी ज्यांना हुशार मानले होते त्या मुलांसाठी ते सुमारे दोन सेकंद थांबत आणि ज्यांना मागे मानले होते त्यांच्यासाठी सुमारे ०.९ सेकंद. ज्याला विचार करायला अधिक वेळ हवा त्यालाच तो कमी मिळत होता. असे आपल्याकडून होते हे त्या शिक्षकांच्या ध्यानीमनीही नसणार, कारण बोलणाऱ्याला आपली घाई ऐकू येत नाही.

मग रो यांनी शिक्षकांना तीन ते पाच सेकंद थांबण्याचा सराव दिला. मुलांची उत्तरे अनेक पटींनी लांबली. उत्तरच न येण्याचे प्रसंग कमी झाले. मुले आपणहून बोलू लागली, एकमेकांचे म्हणणे तपासू लागली, प्रश्न विचारू लागली, आणि 'मागची' मुलेही त्यांत होती. १९७४ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष सविस्तर प्रसिद्ध केले. 'थांबण्याचा वेळ' ही कल्पना आज शिक्षकप्रशिक्षणात सर्वत्र सांगितली जाते. पण ती कोणाच्या अंदाजातून आलेली नाही. ती मोजून काढता आली, कारण शांतता टिपणारे यंत्र उपलब्ध झाले होते.

इंग्लंडमध्ये डग्लस बार्न्स याने माध्यमिक शाळेत नुकत्याच दाखल झालेल्या मुलांचे बारा तास ध्वनिमुद्रित केले आणि १९६९ मध्ये त्यावर लिहिले. शिक्षकांचे बहुतेक प्रश्न ठरलेली माहिती काढून घेण्यापुरते होते आणि मोठ्याने विचार करायला मुलांना फारशी जागा नव्हती, असे त्याला दिसले. पुढे फ्रँकी टॉड यांच्याबरोबर केलेल्या, १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात त्याने मुलांच्या छोट्या गटांना काम देऊन शिक्षकाशिवाय सोडले आणि सोबत टेपरेकॉर्डर ठेवला. "म्हणजे बघ...", "पण मग असं का नाही..." अशा अडखळत्या, अर्धवट वाक्यांतून मुले विचार पुढे नेतात, हे त्या फितींवर ऐकू आले. हे बोलणे शिक्षक जवळ आला की बंद पडते. यंत्र नसते तर ते कोणाच्या कानावर आले नसते.

वाचनाकडेही असेच नव्याने पाहिले गेले. केनेथ गुडमन याने १९६५ मध्ये पहिली ते तिसरीच्या मुलांना आधी सुट्या शब्दांची यादी वाचायला दिली आणि मग तेच शब्द असलेली गोष्ट. यादीत अडलेल्या शब्दांपैकी सुमारे दोन तृतीयांश शब्द पहिलीच्या मुलांनी गोष्टीत बरोबर वाचले. तिसरीच्या मुलांनी पाचांतले चार वाचले. टॉम निकोलसन याने १९९१ मध्ये हा प्रयोग अधिक काटेकोरपणे केला, तेव्हा चांगल्या वाचकांना असा फायदा दिसला नाही. लहान आणि कच्च्या वाचकांना तो काही प्रमाणात दिसला. निष्कर्षाबद्दल वाद राहिला, पण गुडमनची रीत टिकली. मुलाचे वाचन ध्वनिमुद्रित करायचे, नंतर निवांत ऐकायचे आणि प्रत्येक चुकीपुढे ती का झाली असेल ते लिहायचे. 'आई पाणी भरते'च्या जागी मूल 'आई पाणी आणते' वाचते आणि दुसरे 'आई पाणी भरतो' वाचते. पहिल्याने अर्थ धरून शब्द बदलला, दुसऱ्याचे वाक्याकडे लक्ष नव्हते. वर्गाच्या गडबडीत दोन्हींना आपण 'चूक' एवढेच म्हणतो. दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांतला फरक कळतो.

मुलांच्या हातात

ऑगस्ट १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने बर्लिनमध्ये छोटी कॅसेट आणली. मोठी रिळे गेली. दोन बटने एकदम दाबली की ध्वनिमुद्रण सुरू होई आणि मागची छोटी पट्टी मोडली की कॅसेट पुसली जाण्यापासून सुरक्षित राही. यंत्र हलके आणि स्वस्त झाल्यामुळे ते वर्गाबाहेर नेता आले. तरी बाहेर जाऊन आवाज गोळा करण्याची परंपरा कॅसेटच्या कितीतरी आधीची आहे.

पक्ष्याच्या आवाजाचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने ध्वनिमुद्रण एका आठ वर्षांच्या मुलाने केलेले आहे. १८८९ मध्ये जर्मनीत लुडविग कॉख याने वडिलांनी आणलेल्या फोनोग्राफवर पिंजऱ्यातल्या शामा पक्ष्याचा आवाज मेणावर घेतला. हा शामा आपल्या सह्याद्रीच्या जंगलातही गातो. पुढे कॉखने पक्ष्यांच्या आवाजांचे ध्वनिमुद्रण हेच आयुष्याचे काम केले.

१८९० मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स याने अमेरिकेतील मेन राज्यात पासामाक्वाडी या मूळनिवासी जमातीची गाणी आणि कथा दंडगोलांवर घेतल्या. प्रत्यक्ष लोकांमध्ये जाऊन केलेले हे पहिले ध्वनिमुद्रण मानले जाते. ते दंडगोल संग्रहालयांत पडून होते. अलीकडच्या वर्षांत त्यांच्या स्वच्छ केलेल्या प्रती जमातीकडे परत गेल्या आणि त्यांतली गाणी तेथील लोक पुन्हा शिकत आहेत. भाषांचे उच्चार जतन करण्याचे एडिसनच्या यादीतील कलम असे सव्वाशे वर्षांनी फळाला आले.

आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखांवर ओव्या जमवल्या. त्यांतील अनेकींचे ध्वनिमुद्रण १९९० च्या दशकात झाले आणि २०१७ पासून ओव्या 'परी' या संकेतस्थळावर प्रसिद्ध होऊ लागल्या. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण करून गावोगावच्या लोकांचे बोलणे टिपले आहे. प्रमाणभाषेच्या पुस्तकात जी बोली सापडत नाही ती येथे कानाने ऐकता येते. वर्गातल्या मुलाला आपल्या आजीच्या बोलण्यासारखे बोलणे अभ्यासाचा विषय म्हणून ऐकायला मिळणे ही त्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

आणि ज्यांना छापील पुस्तक बंदच होते त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रण हे पूरक साधन कधीच नव्हते. अमेरिकेत १९३४ पासून आणि इंग्लंडमध्ये १९३५ पासून अंधांसाठी बोलकी पुस्तके मिळू लागली. १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्वयंसेवकांनी युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी महाविद्यालयीन पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करायला घेतली. कारण त्यांना शिक्षणाचा हक्क मिळाला होता, पण पुस्तके वाचता येत नव्हती. येथे एडिसनचे शाळेचे कलम शब्दशः खरे ठरले. हवे तेव्हा, हवे तितक्यांदा ऐकता येणे हीच येथे गरज होती.

आता आपण काय करावे?

मोबाइलमध्ये मेणाचा, तबकडीचा आणि फितीचा गुण एकत्र आला आहे. त्यावर ऐकता येते, मुद्रण करता येते, पुसता येते आणि प्रती काढता येतात. पण त्याचा वापर पाहिला तर तो अजून बराचसा तबकडीसारखाच होतो. तयार धडे येतात आणि मुले ऐकतात. या इतिहासाच्या आधाराने आम्ही दोन छोटे प्रयोग सुचवतो.

पहिला स्वतःवर करावा. आपल्या तासाची कोणतीही दहा मिनिटे ध्वनिमुद्रित करा. मोबाइलवरील बहुतेक ध्वनिमुद्रण उपयोजनांत आवाजाची नागमोडी आकृती दिसते. शांतता असेल तेथे ती सपाट होते. आपला प्रश्न संपल्यापासून कोणीतरी बोलेपर्यंतचा वेळ आणि मुलाचे बोलणे संपल्यापासून आपण बोलेपर्यंतचा वेळ मोजा. कोणत्या मुलासाठी किती थांबलो तेही लिहा. पंधरा दिवस मुद्दाम तीन सेकंद थांबून पाहा आणि पुन्हा मोजा. सुरुवातीला तीन सेकंदांची शांतता फार लांब वाटते, म्हणून मनात अंक मोजलेले बरे. ही नोंद फक्त स्वतःसाठी ठेवावी. वरिष्ठांनी ती तपासणीसाठी मागू लागले तर कोणी खरी नोंद करणार नाही.

दुसरा प्रयोग मुलाबरोबर करायचा आहे. त्याला एक परिच्छेद वाचू द्या आणि तो आधी त्यालाच ऐकू द्या. "कुठे थांबावेसे वाटले?" एवढेच विचारा. आपण कोठे अडलो हे बरीच मुले स्वतः सांगतात. मग हवे तर पुन्हा वाचून पहिले पुसून टाकू द्या. महिन्याभराने एक जपून ठेवलेले वाचन पुन्हा ऐकवले की झालेली प्रगती मुलाला स्वतःच्या कानांनी कळते.

मुलांचे आवाज घेताना त्यांची आणि पालकांची परवानगी घ्यावी, ते कोणत्याही गटात पुढे पाठवू नयेत आणि काम झाले की पुसावेत. मुलाचे अडखळणे हे शिक्षकाच्या विश्वासावर झालेले असते.

रो यांच्याकडे आलेखाचे खास यंत्र होते आणि स्क्रँटनचे दंडगोल टपालाने जायला दिवस लागत. आज हे काम आपल्याला मधल्या सुट्टीत करता येते. फक्त ऐकायला वेळ काढावा लागतो.